बर्फातील अठ्ठावीस जण
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणिसांनी मला ‘संघशक्ती’ या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले आहे. मी केवळ मॅट्रिक झालेला शाळामास्तर. तत्त्वचर्चेचा माझा अधिकार नाही. भूगोल शिकविताना एक हकीकत मी मुलांना दरवर्षी सांगत असे, तीच आपणांपुढे ठेवतो.

डिसेंबर १९१४ मध्ये सर अर्नेस्ट शॅकल्टन ‘एन्ड्युरन्स’ जहाजातून दक्षिण जॉर्जिया बेटावरून निघाले. दक्षिण ध्रुवावरून अंटार्क्टिका आरपार ओलांडावयाचे, हा संकल्प. जानेवारीत वेडेल समुद्राच्या बर्फाने जहाज जखडले, पुढे चिरडले आणि २१ नोव्हेंबर १९१५ रोजी ते बुडाले. (२०२२ साली ते सुमारे तीन हजार मीटर खोलीवर सापडले.) संकल्प तेथेच संपला. उरली अठ्ठावीस माणसे, तीन होड्या आणि तरंगता बर्फ.

निजावयास उबदार केसाळ कातड्याच्या पिशव्या अठराच होत्या, बाकीच्या लोकरीच्या. चिठ्ठ्या टाकल्या, तो लोकरीच्या पिशव्या बहुतेक अधिकाऱ्यांच्याच वाट्यास आल्या! चिठ्ठ्यांत लबाडी झाली, असा खलाशांस संशय आला. असली लबाडी आपल्या सार्वजनिक संस्थांत कोणी करीत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

त्यांत मॅक्निश नावाचा सुतार होता. मोठा तिरसट. जहाज बुडाले, करार संपला, असे म्हणून त्याने बर्फावरून होड्या ओढण्याचा हुकूम मोडला. शॅकल्टन यांनी सर्वांस करारनामा वाचून दाखविला, तेव्हा तो नमला. पुढे एप्रिल १९१६ मध्ये मंडळी एलिफंट बेटास लागली. तेथे कोणतेच जहाज येत नसे. मदत आणावयास आठशे सागरी मैल जाणे भाग होते, आणि होडी अवघी बावीस फुटांची, वरून उघडी. ती या सुतारानेच सिद्ध केली. तिच्या कडा उंच केल्या, वर कॅनव्हास ताणले, फटींत चित्रकाराचे तैलरंग व सीलचे रक्त भरले. बरोबर न्यावयाच्या पाच जणांत शॅकल्टन यांनी त्यासच घेतले. सोळा दिवसांनी ते दक्षिण जॉर्जियास पोहोचले. परंतु किनारा उलट बाजूचा. तिघांनी छत्तीस तास डोंगर तुडवून देवमासे पकडणाऱ्यांचे ठाणे गाठले.

या सुतारास मागाहून ध्रुवपदक नाकारण्यात आले. माझ्या मते तो अन्याय होता. मोहिमेच्या दुसऱ्या टोकाकडील तुकडीतील तिघे दगावले, हेही सांगितले पाहिजे; या अठ्ठावीसांतील मात्र एकही गेला नाही.

आपल्या वसतिगृहाची इमारत जोत्यापर्यंत येऊन थांबली आहे. हिशेबाविषयी अप्रिय प्रश्न विचारणाऱ्या सभासदांस समितीतून वगळावे, अशी कुजबुज माझ्या कानी आली. त्यांस होडीत घ्यावे, एवढीच माझी नम्र विनंती आहे. त्यांनीही करवत घेऊन यावे.

मागे राहिलेले बावीस जण उरलेल्या दोन होड्या पालथ्या घालून त्यांखाली साडेचार महिने राहिले. त्यांचा प्रमुख फ्रँक वाइल्ड रोज सकाळी सांगे, “सामान बांधा, साहेब आज येतील.” तीन प्रयत्न फसले. चौथ्या खेपेस, ३० ऑगस्ट १९१६ रोजी, चिली देशाची ‘येल्चो’ बोट क्षितिजावर दिसली. तासाभरात बावीसही जण तिच्यावर चढले होते.