जर्सी सिटीचे मोर

आजचा एपिसोड छोटाय.

२०२१-२२ला मी जर्सी सिटीत राहायचो. पोहे, कढीपत्ता, सगळं इंडिया स्क्वेअरमधून आणायचं. तिथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर सेंट पीटर्स युनिव्हर्सिटी. लहानसं जेझुइट कॉलेज, टीमचं नाव पीकॉक्स. मोर! नाव ऐकूनच पहिली मॅच बघायला गेलो. बास्केटबॉल फारसं कळायचं नाही.

सीझन रखडतच चालला. कोविडमुळे मॅचेस रद्द झाल्या, हरणंही बरंच झालं. मग पोरांनी कॉन्फरन्स जिंकली आणि मार्च मॅडनेसमध्ये गेली. तिथे एका विभागात १६ टीम्स, आपलं सीडिंग १५. म्हणजे नावापुरतं बोलावणं. समोर दोन नंबरची केंटकी.

१७ मार्चला ओव्हरटाइममध्ये ८५-७९. आपण जिंकलो! डॅरिल बँक्सचे एकट्याचे २७ पॉइंट्स. मी इतका ओरडलो की रूममेट उठला. मग मरे स्टेट, मग पर्ड्यू ६७-६४. १५व्या सीडची टीम शेवटच्या आठात याआधी कधीच पोचली नव्हती.

नॉर्थ कॅरोलायनाने मात्र ६९-४९ धुतलं.

तीनच दिवसांनी कोच शाहीन हॉलोवे सेटन हॉलला गेले, त्यांच्याच जुन्या कॉलेजात. बँक्स सेंट बोनाव्हेंचरला, मिशीवाला डग एडर्ट ब्रायंटला. मला राग आला, खोटं कशाला बोलू? पण चांगली ऑफर आल्यावर मीही नोकरी बदललीच होती की.

नोव्हेंबरात परत गेलो. जर्सीवर मोर तोच, पोरं बरीचशी नवीन. त्यांची नावं पाठ करायला घेतली.