हृदयाच्या तालाची परीक्षा आणि उत्तेजक यंत्राची निवड
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



हृदयरोग म्हटला की रक्तवाहिनीतील अडथळा, अँजिओप्लास्टी आणि बायपास एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु हृदयाचा आणखी एक विकार आहे, तो तालाचा. चालता-बोलता एकाएकी छाती धडधडू लागते, ठोके मिनिटाला दीडशे-दोनशेवर जातात, डोळ्यांपुढे अंधारी येते. सांगोल्याहून पंढरपूर वा सोलापूर गाठेपर्यंत धडधड थांबलेली असते आणि कार्डिओग्राम पुष्कळदा निर्दोष येतो. मग घरची मंडळी म्हणतात, “मनाचे खेळ आहेत.” तरुण मुली आणि सुना यांच्या वाट्याला हे वाक्य विशेषेकरून येते. वास्तविक दोष मनात नसून हृदयातील विजेच्या वाटेत असू शकतो.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका असतो. तेथे उगम पावलेली वीज मधल्या नोडमध्ये क्षणभर थांबते आणि नंतर खालच्या कप्प्यांत उतरते. काहींच्या हृदयात जन्मतःच एक जादा वाट असते आणि वीज तिच्यातून गोल फिरू लागते. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तीन वैद्यांनी अशाच एका विकाराचे वर्णन 1930 साली केले. त्यातील थोड्या रुग्णांना आकस्मिक मृत्यूचाही धोका असतो, म्हणून निदान टाळणे परवडणारे नाही.

हा दोष शोधण्याची रीत मोठी युक्तीची आहे. 1967 साली अॅमस्टरडॅममध्ये डुरर यांनी आणि पॅरिसमध्ये कुमेल यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मोजून-मापून दिलेल्या विद्युत् ठोक्यांनी हृदयाची परीक्षा घेण्याचा मार्ग दाखविला. 1969 साली शेरलाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅथेटरद्वारे हृदयातील ‘हिस बंडल’ या वाटेची नोंद घेण्याची पद्धत रूढ केली. या परीक्षेस ‘ई. पी. स्टडी’ म्हणतात. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात काम केलेले डॉ. यश लोखंडवाला यांचे नाव महाराष्ट्रात या शाखेत आदराने घेतले जाते.

जांघेतील शिरेतून बारीक तारा हृदयात नेतात. त्यांच्या टोकाशी जे यंत्र वीज पोहोचविते, ते स्टिम्युलेटर, म्हणजेच उत्तेजक यंत्र. ते प्रथम एकसारख्या अंतराने आठ ठोके देते. हे अंतर बहुधा 600 किंवा 400 मिलिसेकंद असते, म्हणजे मिनिटाला 100 किंवा 150 ठोके. त्यानंतर एक ठोका मुद्दाम लवकर दिला जातो आणि दर फेरीत तो दहा-दहा मिलिसेकंदांनी अलीकडे आणला जातो. विजेची वाट कोठे बंद पडते आणि कोठे गोल फिरू लागते, ते यातून उघड होते. सायनस नोडची शक्ती पाहण्यासाठी अर्धा ते एक मिनिट जलद ठोके देऊन एकदम थांबतात आणि हृदय स्वतःचा पहिला ठोका किती वेळाने देते ते मोजतात. दोष सापडल्यास बहुधा त्याच बैठकीत रेडिओलहरींच्या उष्णतेने ती जादा वाट बंद करता येते. अशा वाटांच्या बाबतीत शंभरातील नव्वदाहून अधिक रुग्णांना गुण येतो.

आता निवडीचा प्रश्न. कापड घेताना सुज्ञ ग्राहक केवळ रंग पाहत नाही. तो पोत, पन्हा आणि धुतल्यावरची टिकाऊ वीण पाहतो. यंत्राचेही तसेच आहे. पहिली कसोटी अचूकतेची: एका मिलिसेकंदापर्यंत वेळ बिनचूक हवी. दुसरी, विजेचा प्रवाह स्थिर असावा आणि तो बारीक पायऱ्यांनी कमी-जास्त करता यावा. प्रायः हृदयाला जाग येण्यास लागणाऱ्या किमान प्रवाहाच्या दुप्पट प्रवाह वापरतात. तिसरी कसोटी सुरक्षिततेची. तार थेट हृदयात असते, त्यामुळे त्वचेला जाणवणारही नाही एवढी गळती तेथे घातक ठरू शकते. नेहमीच्या स्थितीत अशा जोडणीतून 10 मायक्रोअँपिअरहून अधिक गळती चालत नाही. चौथी, वीज गेली तरी यंत्र चालू राहावे आणि एक कळ दाबताच संथ हृदयाला आधाराचे ठोके मिळू लागावेत. पाचवी, रुग्णालयातील नोंदयंत्राशी ते जुळले पाहिजे. न जुळणारे महागडे यंत्र अडगळीत पडते. खेरीज वैद्यकीय उपकरण नियम 2017 नुसार आवश्यक तो परवाना आहे की नाही, हे कागदोपत्री पाहून घ्यावे.

वापरातही शिस्त लागते. परीक्षेत मुद्दाम बिघडविलेला ताल कधी हाताबाहेर जातो; म्हणून शॉक देणारे डिफिब्रिलेटर तपासून, रुग्णाच्या छातीला पॅड लावूनच आरंभ करावा. ठोक्याचे अंतर किती कमी करायचे, याची मर्यादा आधी ठरवावी. वर्षातून निदान एकदा यंत्राची मापे तपासून घ्यावीत.

बंधू-भगिनींनो, औषधदानाची आपल्याकडे थोर परंपरा आहे. परंतु यंत्र देणारा दाता पुष्कळदा फलकापाशी थांबतो. यंत्राबरोबर प्रशिक्षित तंत्रज्ञ, पाच-सात वर्षांचा देखभाल करार आणि बदलाव्या लागणाऱ्या तारांचा खर्च यांची तजवीज झाली नाही, तर ते दान अपुरे राहते. दरवर्षी पुरेसे रुग्ण आणि या शाखेचा तज्ज्ञ जेथे आहे, तेथेच असे यंत्र शोभते. लहान गावाने ते स्वतःकडे आणण्याचा आग्रह धरू नये. गावाने चांगले कार्डिओग्राम यंत्र ठेवावे आणि धडधड चालू असतानाच नोंद घेण्याची सोय करावी. तो कागद रुग्णाच्या हाती देऊन त्याला मोठ्या रुग्णालयात धाडावे. तेथे जाण्याचे भाडे आणि राहण्याची सोय हेही दानच होय.

आपल्या घरात कोणी वारंवार “छाती धडधडते” म्हणत असेल, चक्कर येऊन पडत असेल, किंवा कुटुंबात ऐन तारुण्यात कोणी अचानक गेले असेल, तर कृपया हसण्यावारी नेऊ नका. एवढी विनंती करून हे विवेचन येथे पूर्ण होते.