राक्षस घडवण्याचा छंद

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



विणकाम, भरतकाम, रांगोळी हे आपले नेहमीचे छंद. त्यांच्या पंक्तीला आज मी राक्षसाला आणून बसवणार आहे, दचकू नका!

राक्षस घडवणे आपल्याकडे नवे नाही. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री बांबू, गवत आणि कागद यांचे नरकासुर उभे राहतात व पहाटे जाळले जातात. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात राक्षसांचे मुखवटे नाचतात. पण घडवणारे हात बहुधा पुरुषांचे. आपण पाहायला जायचे, एवढेच. असे का बरे?

बायकांना हे साधत नाही असे मुळीच नाही. अमेरिकेत १९५४ साली 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून' हा चित्रपट निघाला. त्यातला कल्ल्यांचा, खवल्यांचा जलमानव मिलिसेंट पॅट्रिक या बाईंनी कागदावर रेखाटला. त्यावरून इतर कारागिरांनी तो माती-रबरात घडवला. पण चित्रपटाच्या नामावलीत रंगभूषा विभागाच्या प्रमुखांचे नाव झळकले, बाईंचे नाही. २०१९ साली मॅलरी ओमीरा या लेखिकेने त्यांच्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा ही हकीकत पुष्कळांना कळली. तोवर बाईंना जाऊन एकवीस वर्षे झाली होती.

त्या जलमानवाकडे पाहून एक गोष्ट शिकता येते. राक्षस हवेतून येत नाही. तो पाहिलेल्या प्राण्यांतून येतो. बाजारात मासळी घेताना कल्ले नीट पाहा. वाघ-घुबडांचे डोळे समोर असतात, सशा-हरणांचे बाजूंना. समोरचे डोळे शिकाऱ्याचे, म्हणून राक्षसाला तेच शोभतात.

साहित्य घरचेच आहे. पाटावर शाडूच्या मातीचा चेहरा करा. भुवया, नाक, सुळे ठळक ठेवा. बारीक नक्षी कागदाखाली बुजते. त्यावर प्रथम नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा थर द्या, म्हणजे मुखवटा मातीला चिकटणार नाही. मग मैद्याच्या खळीत बुडवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे सहा-सात थर चढवा. खळीत मेथीची पूड घातली तर कीड लागत नाही. सावलीत पूर्ण वाळू द्या. घाई केली की चेहरा वाकडा होतो. अर्थात राक्षसाला तोही शोभेल! मग माती काढून रंगवा.

मुलांना जवळ बसवा, मुलींना तर आवर्जून. ज्याचे नाक आपण चिमटीने ओढले, त्याची भीती कसली वाटणार?

आणि भगिनींनो, मुखवट्याच्या आतल्या बाजूला आपले नाव व तारीख जरूर घाला. लोणच्याच्या बरणीवर आपण चिठ्ठी लावतोच. मग कलेला का नको? पुढच्या वर्धापनदिनी असे नाव घातलेले दहा राक्षस या भिंतीवर दिसावेत, एवढी इच्छा सांगून मी आपली रजा घेते.