खिशातली पुडी, खिशातला फोन



तंबाखूने कॅन्सर होतो हे आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? विडी ओढणाऱ्याला ठाऊक आहे, पानठेल्यावर खर्रा घोटून देणाऱ्यालाही ठाऊक आहे. मग सरकारने मोबाइलवर संदेश धाडून तेच पुन्हा सांगितल्याने काय साधणार? शंका रास्त आहे. पण या संदेशांचं खरं काम माहिती देण्याचं नाहीच, वेळ गाठण्याचं आहे. तलफ काही मिनिटांचीच असते. त्या मिनिटांत डॉक्टर जवळ नसतो, घरचे नसतात. असतो तो पुडी पुढे करणारा सोबती. आणि खिशात फोन.

ब्रिटनमध्ये कॅरोलिन फ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५,८०० धूम्रपान करणाऱ्यांवर संदेशांचा हा प्रयोग करून पाहिला. २०११ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सोडायचा दिवस ज्याने त्याने ठरवायचा. पहिले पाच आठवडे रोज पाच संदेश, मग २६ आठवडे आठवड्याला तीन. तलफ अनावर झाली तर ठरलेला एक शब्द पाठवायचा, उत्तर लगेच येई. आणि सिगारेट ओढलीच, तर त्यासाठी वेगळा शब्द. मला ही दुसरी सोय फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडे शपथ एकदा मोडली की माणूस ‘आता गेलीच’ म्हणतो आणि दुप्पट सुरू करतो. तिथे शपथ मोडलेल्याशीही कोणीतरी बोलत होतं. सहा महिन्यांनी ‘सोडली’ म्हणणाऱ्यांची लाळ तपासली. १०.७ टक्के लोकांची खरोखर सुटली होती. ज्यांना नुसते आभाराचे संदेश गेले, त्यांच्यात ४.९ टक्के. शंभरात दहा म्हणजे थोडेच, पण एका संदेशाला खर्च तो किती?

आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीने २०१६ च्या सुरुवातीला ‘एम-सेसेशन’ ही तंबाखू सोडायला मदत करणारी मोबाइल-संदेशांची सेवा सुरू केली. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल द्यायचा, नाव नोंदलं जातं. वीस लाखांहून जास्त लोकांनी नोंदवलं. पुढच्या पाहणीत सुमारे १९ टक्क्यांनी सोडल्याचं सांगितलं. सांगितलं, बरं का! लाळ कोणी तपासली नव्हती. तेव्हा साहेबाचे दहा आणि आपले एकोणीस म्हणून टाळ्या वाजवू नका.

शिवाय आपलं दुखणं निराळं आहे. २०१६-१७ च्या ‘गॅट्स’ या प्रौढांच्या तंबाखू-वापराच्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ निघाले ३.८ टक्के, आणि बिनधुराचा तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. सिगारेटवाल्यांसाठी लिहिलेले संदेश मराठीत उतरवून इथे भागायचं नाही. विडीवाला निदान उठून बाहेर जातो. खर्रा गालात धरून माणूस वखर हाकतो, ट्रक चालवतो, वर्गात शिकवतोसुद्धा. (पुढच्या रांगेतल्या गुरुजींनी रागावू नये.) त्याच्यासाठी संदेश कापूस वेचणीच्या दुपारी यावा, बाजाराच्या दिवशी यावा, आणि आपल्या बोलीत यावा. मिश्री लावणाऱ्या बाईचं काय? घरात एकच फोन असला तर तो बहुधा नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या हातात. तिच्या तलफेचा संदेश तो वाचणार आणि हसणार. तिथे फोन लंगडा पडतो. तिथे आशाताईंनीच जायला हवं, आणि त्यांना त्या कामाचं मानधन मिळायला हवं.

तंबाखूच्या पाकिटांवर २०१८ पासून सोडायला मदत करणाऱ्या टोल-फ्री सेवेचा क्रमांक छापतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधूनही ती चालते, मराठीत बोलता येतं. पण सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून दिलेल्या खर्ऱ्यावर ना इशाऱ्याचं चित्र असतं ना क्रमांक. म्हणून मीच सांगतो, लिहून घ्या: १८००-११-२३५६.