तान्ह्या बाळासह जुनं गोवं

बाळ तान्हं आहे म्हणून पोर्तुगीजकालीन जुनं गोवं पाहणं लांबणीवर टाकायचं कारण नाही. १६०५ साली अभिषेक झालेली बॉम जेझुस बॅसिलिका आणि से कॅथेड्रल रस्त्याच्या दोन बाजूंना, अगदी जवळ आहेत. बाळाला उचलून घेऊनही सहज फिरता येतं. उन्हाची काळजी रास्तच, पण सकाळी लवकर गेलं तर ती मिटते. बाळाच्या लक्षात काय राहणार, हा आक्षेपही खरा. मात्र सहल आईवडिलांचीही असते. बाळाची झोप आणि दूध सांभाळताना दहाऐवजी दोनच वास्तू पाहून होतात, पण १९८६मध्ये जागतिक वारसा ठरलेलं हे वैभव आणि १५६०पासूनचा इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाचा जाच, दोन्ही सावकाश समजून घेता येतात. म्हणून बाळाला घेऊन जरूर जा, थोडंच पाहा, पण नीट पाहा.