सुट्टीतलं इंग्रजी आणि आईची 'चौघीजणी'

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय आपल्या ग्रुपनंच ठरवलाय. एप्रिल उजाडला की ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, "सुट्टीत मुलांचं इंग्रजी गंजू नये म्हणून एखादा चांगला क्लास सुचवा ना." मागच्या खेपेला मी लिहिलं, क्लास नको, माझ्या आईकडे कसब्यात पाठवा. सगळ्यांना तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता, हे सांगायला उभी आहे.

आधी आपली गोष्ट. आपल्याला इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं तेव्हा आपण कॉलेजात पोचलो होतो. १ मेला निकाल घेऊन घरी आलो की दप्तर माळ्यावर. मग जूनमध्ये बाईंनी फळ्यावर वाक्य लिहिलं की 'डिड'नंतर क्रियापदाचं काय होतं हेसुद्धा आठवायचं नाही. म्हणून आठवीच्या सुट्टीत बाईंनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणायला लावली. रोज दहा वाक्यं. मी अप्पा बळवंत चौकातून जुनी प्रत आणली. तिच्या आधीच्या मालकानं उत्तरं पेन्सिलीनं लिहून ठेवली होती आणि त्यातली निम्मी चुकलेली होती. बाई, मी ती तशीच उतरवली होती. आज कबूल करते.

पुढे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत मला उत्तर येत होतं, वाक्य येत नव्हतं. परीक्षकांनी दोन क्षण वाट पाहिली आणि शेजारच्या मुलाला विचारलं. ती दोन क्षणांची शांतता मी पंचवीस वर्षं बाळगून आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे अशी एखादी शांतता असेल. मुलं इंग्रजी माध्यमात घालण्यामागे तीच होती, निदान माझ्या बाबतीत.

माझी मुलगी गेल्या वर्षी नववीत जाणार होती. इंग्रजी बोलते फाडफाड, मार्क नव्वदच्या घरात. पण धड्याबाहेरचं सलग पान वाचायचं म्हटलं की जांभया. मी आमच्या धंद्याला शोभेल असा उपाय केला. एक्सेलमध्ये तक्ता, रोज पंधरा नवे शब्द, येणाऱ्यांना हिरवा रंग, न येणाऱ्यांना लाल. दोन आठवड्यांत सगळा तक्ता हिरवा झाला. तिसऱ्या आठवड्यात सहज विचारलं तर निम्मे शब्द गायब. "पाठ केले होते ना, मग अजून काय पाहिजे?" हे वर.

त्याच मे महिन्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही दिवस पुस्तक हातात धरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आई दर उन्हाळ्यात शांताबाई शेळक्यांची 'चौघीजणी' वाचते. लुइसा मे अल्कॉटच्या 'लिटल विमेन'चा अनुवाद. तिच्या प्रतीचा पुठ्ठा केव्हाच गेलाय, खाकी कागदावर भागतंय. मुलीला मी आजीच्या सोबतीला ठेवलं आणि आजीनं तिला दुपारचं वाचन लावलं.

पहिले दोन दिवस वाईट गेले. मुलीला मराठी वाचता येतं, पण अडखळत, जोडाक्षराला थांबत. आजी पलंगावरून दुरुस्त्या सांगायची, तांबट आळीतल्या ठोक्यांपेक्षा मोठ्या आवाजात. मुलगी रडकुंडीला आली. मला फोन करून म्हणाली, "मला इंग्लिशमधलं दे, मी आधी वाचून ठेवते." अल्कॉटचं पुस्तक १८६८-६९ सालचं, त्यामुळे इंटरनेटवर फुकट मिळतं. उतरवून पाठवलं.

मग बेथ आजारी पडली. स्कार्लेट फीव्हर. आजीनं नेमकं तिथेच 'आता पुरे, उद्या' म्हटलं. पुढे काय होतं हे तिला चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं, पण सांगेना. रात्री मुलीनं मोबाइलवर इंग्रजीत एका बैठकीत तीन प्रकरणं वाचून काढली. त्यातले किती शब्द तिला अडले ते मला माहीत नाही. तिलाही मोजायचे नव्हते, तिला बेथ वाचते का ते हवं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं आजीला तोच भाग न अडखळता वाचून दाखवला, कारण अर्थ आधीच हाताशी होता.

खरी गंमत पुढे. दोघी भांडायला लागल्या. मुलगी म्हणे, "'लिटल विमेन'चं 'चौघीजणी' कसं? लिटल कुठे गेलं?" आजी म्हणे, "छोट्या बायका असं नाव ठेवलं असतं तर मी पुस्तक उघडलं नसतं." मग मुलीनं अर्धा तास खर्च करून दहा नावं काढली, आजीनं दहाही नापास केली. गोष्टीच्या सुरुवातीला नाताळ असून घरात भेटवस्तू नाहीत, तर आजीनं वाड्यातली एक कोरडी दिवाळी सांगितली. ती मीसुद्धा कधी ऐकली नव्हती. एका शब्दावर अर्धा तास घालवणं आपल्याला तर्खडकरांनीही शिकवलं नाही. बाईंनी शिकवलं होतं, आपलं लक्ष खिडकीबाहेर होतं.

आता तुम्ही विचाराल, मार्क वाढले का? नाही. नव्वद होते, नव्वदच आहेत. पण जूनमध्ये शाळेनं सुट्टीवर निबंध लिहायला सांगितला, तेव्हा तिनं आजीच्या पट्टी बांधलेल्या डोळ्यावर दोन पानं लिहिली, आणि एका वाक्यासाठी मला तीनदा विचारलं, "हे आजीसारखं वाटतंय का?" इंग्रजीत, आजीसारखं!

त्यामुळे माझं म्हणणं एवढंच, की एकच पुस्तक दोन्ही भाषांत घरात आणा. मुलाचं वाचन अगदीच पातळ असेल तर हेमिंग्वेचं 'द ओल्ड मॅन अँड द सी' आणि पु.लं.चं 'एका कोळियाने'. पुस्तक लहान, वाक्यं छोटी. शिवाय त्या मराठी नावात दडलेली जाळं विणणाऱ्या कोळ्याची जुनी कविता मुलांना कुणी सांगितलेली नसते, ती आजोबांना विचारायला लावा. 'द यर्लिंग'मधली इंग्रजी बोली अवघड आहे, तिथे राम पटवर्धनांचं 'पाडस' आधी वाचू द्या. ज्यूल व्हर्न तर सोपाच, भा. रा. भागवतांनी आपल्यासाठी आणून ठेवलाय. तो मुळात फ्रेंच. म्हणजे इंग्रजीत वाचणाराही भाषांतरच वाचतो, हे कळल्यावर माझ्या भाच्याचा ताठा जरा उतरला. आणि कृपा करून सारांश विचारू नका. आणि एक्सेल तर नकोच. पुस्तकं विकत घेणं जमत नसेल तर नगर वाचन मंदिर १८४८ पासून आपल्यासाठी उभं आहे.

एक अडचण आहे. सगळ्यांच्या घरी आजी नाही, आणि असली तरी ती ऐकायला मोकळी असेलच असं नाही. तिथे आई किंवा बाबानं बसायचं, संध्याकाळी वीस मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत. मला ते आठवड्यातून दोनदाच जमतं.

माझ्या खुर्चीखाली कापडी पिशवी आहे. तीत तीन जोड्या आहेत. 'चौघीजणी' नवी प्रत आहे, आईची मिळणार नाही. ज्यांना सुट्टीपुरत्या हव्यात त्यांनी मागच्या टेबलावरच्या वहीत नाव आणि तारीख लिहून न्याव्यात. वही बाईंकडे राहील. १५ जूनच्या आत परत. बाई उशिराचा दंड घ्यायच्या, आठवतंय ना?