वास पेट्रोलचा, प्रश्न आरोग्याचा

पेट्रोलचा वास आवडणारी माणसे आपल्यात थोडीथोडकी नाहीत! गाडीत पेट्रोल भरताना दोन मिनिटे तो नाकात गेला, तर फारसे बिघडत नाही. पण पंपावर आठ-आठ तास नोझल धरून उभ्या राहणाऱ्या मुलामुलींचे काय?

या वाफेतला सर्वांत घातक घटक म्हणजे बेंझिन. त्याने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे केव्हाच सिद्ध झाले आहे. २०२० पासून देशभर लागू असलेल्या भारत स्टेज-६ मानकांनुसार पेट्रोलमध्ये बेंझिन एक टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. एक टक्का म्हणजे शून्य नव्हे.

आज मात्र मला बोलायचे आहे ते संप्रेरकांविषयी, म्हणजेच हार्मोन्सविषयी. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यातून स्रवणारे एलएच हे संप्रेरक पाळीचक्राच्या मध्यावर एकदम वाढते आणि स्त्रीबीज बीजकोशाबाहेर पडते. अमेरिकी हवाई दलातील महिलांचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या उच्छ्वासात इंधनातील काही घटक अधिक सापडले, त्यांच्यात बीज सुटण्यापूर्वीची एलएचची पातळी कमी आढळली. तिथे प्रश्न मुख्यतः विमानाच्या इंधनाचा होता, महिलाही थोड्याच होत्या. तेव्हा पंपावर काम केले की मूल होत नाही, असा अर्थ कृपया कुणी काढू नये. पण शंकेला जागा आहे, आणि काळजी घ्यायला तेवढी पुरे.

पाळीची तक्रार घेऊन आलेल्या मुलीला मी आधी विचारतो, "काम काय करतेस?" "पंपावर आहे. पण त्याचा काय संबंध, डॉक्टर?" केसपेपरवर व्यवसायाचा रकाना बहुधा कोराच असतो. दोष तिचा नाही, आम्हा डॉक्टरांचा आहे.

नाकाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो, वाफ नाही. हाताचे ग्रीस पेट्रोलने धुऊ नये, कारण बेंझिन कातडीतूनही आत शिरते. आणि 'ऑटो कट' झाल्यावर "अजून थोडं टाक" असा आग्रह आपण ग्राहकांनी सोडावा. टाकी गळ्यापर्यंत भरताना आतली वाफ समोरच्याच्या तोंडावर येते.

पंपमालकांना एकच विनंती. एखादी कर्मचारी गरोदर असल्याचे कळताच तिला नोझलवरून काढून हिशेबाच्या टेबलावर बसवा; पगार न कापता.